फोटो बारीक केला म्हणून आयकॉन होत नाही

गेल्या सत्रातला तो रविवार हॉस्टेलवाल्यांना आठवत असेलच. फीस्टचा दिवस, आणि आमच्या विंगमधले निम्मे लोक चौकातल्या गाडीवर वडापाव खात उभे. कारण मेसचं अ‍ॅप. आपल्याच पोरांनी केलेलं, फुकटात केलेलं, म्हणून नावं ठेवू नयेत. पण त्यात दोन बटणं होती, ‘आज जेवणार’ आणि ‘आज सुट्टी’. करणाऱ्या भिडूनं मेसमध्ये जाऊन भरलेल्या ताटाचा एक फोटो काढला, रिकाम्या ताटाचा एक काढला, दोन्ही बारीक केले आणि बटणांवर चिकटवले. संगणकाच्या पडद्यावर झकास दिसत होते. मोबाईलवर बोटाच्या पेराएवढ्या जागेत दोन्ही ताटं म्हणजे एकेक करडा गोळा. शनिवारी रात्री झोपेत ज्यानं त्यानं जो गोळा हाताला लागला तो दाबला. रविवारी मेसच्या काकांनी यादी पुढे धरली आणि म्हणाले, “तुमची सुट्टी लागलीय की हो, मी काय करू?” त्या यादीत अ‍ॅप करणारा भिडू स्वतःही होता.

त्या दिवशी सगळ्यात जास्त मी हसलो होतो. दोन महिन्यांनी तेच पाप माझ्या हातून घडलं, आणि तिथे हसण्यासारखं काही नव्हतं. म्हणून हा लेख.

सुट्टीतल्या इन-प्लांट ट्रेनिंगसाठी मला महाळुंग्यातला एक छोटा शॉप मिळाला. महाळुंगे म्हटलं की पुण्याची पोरं बालेवाडी स्टेडियमजवळचं म्हाळुंगे समजतात. पहिल्या दिवशी मीही तिथलीच बस धरणार होतो. मी म्हणतोय ते खेड तालुक्यातलं महाळुंगे इंगळे, चाकण-तळेगाव रस्त्यावरचं. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ मध्ये सुरू झाला तो याच गावच्या हद्दीत. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला आला आणि मग रांगच लागली. पण गाडी काही एकाच छपराखाली होत नाही. मोठ्या कारखान्याला माल देणारा एक, त्याला देणारा दुसरा, आणि त्या दुसऱ्याला पत्र्याच्या बारक्या पट्ट्या, ब्रॅकेट, क्लिपा दाबून देणारा तिसरा. मी होतो तो या तिसऱ्याकडे. पत्र्याची शेड, चार हायड्रॉलिक प्रेस, एक स्पॉट वेल्डिंग, आणि एका शिफ्टला अकरा माणसं. नाव लिहीत नाही, लिहिण्याची गरजही नाही.

अकरा जणांत दोन ओडिशाचे, तीन बिहारचे, एक यवतमाळचा, एक नांदेडचा, बाकीचे आसपासच्या गावांतले. एका प्रेसवर नवा टचस्क्रीन बसवला होता. सव्वाचार इंचांच्या आसपासचा, ४८० बाय २७२ ठिपक्यांचा. तसले पडदे तुम्ही प्रोजेक्टमध्ये वापरले असतील. त्यावर सगळं इंग्रजीत. सुपरवायझर म्हणाले, “हे वाचतंय कोण इथं? तू कॉम्प्युटरवाला दिसतोस, चित्रं टाकून दे.” मी खूष. ट्रेनिंगला आलेल्या पोराला साधारणपणे चहा आणायला आणि कचऱ्यातले तुकडे मोजायला लावतात. मला खरं काम मिळालं होतं.

आता चूक नीट कळावी म्हणून प्रेसचं थोडं सांगतो. मेकॅनिकलवाल्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. डाय बसवताना रॅम एकदम खाली आणायचा नसतो. इंचिंगवर ठेवून थोडा थोडा उतरवायचा, डायचे दोन भाग नीट जुळतात का बघायचं. काम चालू झालं की पूर्ण स्ट्रोक. दोन्ही वेळा ऑपरेटरनं दोन हातांनी दोन बटणं दाबून धरायची असतात, म्हणजे हात डायमध्ये जाऊच शकत नाहीत. इंचिंग की पूर्ण स्ट्रोक हे निवडायला खरं तर चावीचा स्विच हवा, आणि चावी सेटरकडे. या शॉपमध्ये ती निवड पडद्यावर होती. ते चुकीचंच होतं, पण तो दुसऱ्या लेखाचा विषय.

मी काय केलं? मोबाईल काढला. रॅम थोडा वर असताना एक फोटो: इंचिंग. रॅम डायवर टेकलेला असताना दुसरा फोटो: पूर्ण स्ट्रोक. रात्री रूमवर लॅपटॉपवर गिंप उघडलं, चौकोनी कापले, ‘स्केल इमेज’ला ४८ टाकलं, एंटर. असे आठ आयकॉन पाऊण तासात झाले. मेसवाल्या भिडूला फोन करून ऐकवलंसुद्धा, “बघ, असं करतात.”

चौथ्या दिवशी सकाळी डाय बदलायचा होता. ओडिशाचा एक ऑपरेटर, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल, त्यानं इंचिंग समजून शेजारचं चित्र दाबलं आणि दोन्ही हात बटणांवर ठेवले. रॅम थेट खाली आला. डाय पुरता जुळलेला नव्हता. टणकन आवाज झाला, कडेचा नखाएवढा तुकडा उडाला. हात बटणांवर होते म्हणून माणूस शाबूत राहिला. मी दहा फुटांवर उभा होतो. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

सुपरवायझर धावत आले आणि त्यालाच बोलले. “दिखता नहीं क्या? फोटू लगाया है ना!” तो पडद्याकडे बोट दाखवून एवढंच म्हणाला, “साहब, दोनों तो एकही है।” मी जवळ जाऊन पाहिलं. हात लांब करून उभं राहिल्यावर जेवढं अंतर पडतं तेवढ्या अंतरावरून पाहिलं. दोन्ही एकच होते.

असं का झालं हे नंतर कागद घेऊन मांडलं, आणि लाज वाटली, कारण गणित दहावीचं आहे. माझ्या मोबाईलचा फोटो चौकोनी कापला की ३००० बाय ३०००, म्हणजे ९० लाख ठिपके. आयकॉन ४८ बाय ४८, म्हणजे २,३०४. म्हणजे फोटोतल्या सुमारे ३,९०० ठिपक्यांची सरासरी काढून सॉफ्टवेअर आयकॉनचा एक ठिपका बनवतं. सरासरीचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. वर्गातल्या एका टॉपरचे आणि साठ जणांचे मार्क मिळवून भागले की टॉपर कुठे दिसतो? फोटोत रॅम आणि डाय यांच्यामध्ये दीडशे ठिपके उंचीची फट स्पष्ट दिसत होती. आयकॉनमध्ये ती जेमतेम अडीच ठिपके उरली, आणि त्या फटीतून दिसणारी मागची भिंतही प्रेससारखीच करडी. गेली फट. आणि इंचिंग व पूर्ण स्ट्रोक यांच्यात फरक होता तो तेवढ्या फटीचाच! बाकीचे दोन हजार ठिपके मी प्रेसचा रंग, ट्यूबलाइटची चमक, गंज, मागे टांगलेला कुणाचा तरी डबा हे दाखवण्यात घालवले होते.

पडद्यावर ते चित्र सेंटिमीटरभरही नव्हतं, करंगळीच्या नखाएवढं म्हणा. आपण मात्र काम करताना आठशे टक्के झूम करून बसतो. झूम करून सगळंच सुंदर दिसतं.

सॉफ्टवेअरला दोष द्यायचा मोह होतो. मीही आधी लिनिअर, क्यूबिक, सगळे पर्याय फिरवून पाहिले. शार्पन मारलं, तर चिखलाला कडा आल्या, एवढंच. कारण सॉफ्टवेअरला कुठला ठिपका महत्त्वाचा हे माहीत नसतं. त्याच्या लेखी रॅमखालची फट आणि भिंतीवरचा डबा सारखेच. यातलं काय ठेवायचं हे कुणीतरी ठरवायला लागतं, आणि ते ठरवणं हेच आयकॉन करणं. बारीक करणं हे काम नाहीच, गाळणं हे काम आहे. चहा गाळताना आपण चोथा टाकतो आणि चहा ठेवतो. स्केल इमेजचं बटण दोन्ही एकत्र घोटून देतं.

हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्यांच्याकडे घोटायला काही नव्हतंच. १९८४ मध्ये अ‍ॅपलचा मॅकिंटॉश आला. त्याचे आयकॉन सुझन केअर या चित्रकर्तीनं केले. तिनं सुरुवात केली ती चौकटींच्या वहीत. ३२ बाय ३२ चौकोन, म्हणजे १,०२४ घरं, प्रत्येक घर काळं नाहीतर पांढरं. करडासुद्धा नाही. प्रत्येक घर हातानं भरायचं म्हटल्यावर माणूस डबा काढत बसत नाही. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत वेबसाइटच्या नावाशेजारी चिमुकलं चिन्ह दिसू लागलं, ते १६ बाय १६, अवघी २५६ घरं. गिंपही मुळात आपल्यासारख्याच पोरांचं. बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये तो प्रोजेक्ट सुरू केला. आपल्या प्रोजेक्टचं पुढे काय होतं ते ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत जाऊन पाहा. असो.

दुसऱ्या फेरीला मी काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. फोटो टाकून दिला नाही. प्रमाणासाठी फोटोसारखी दुसरी गोष्ट नाही, आपल्या हातानं काढलेला प्रेस कपाटासारखा दिसतो. फोटो चौकोनी कापून आधीच ४८ चा केला आणि त्याची अपारदर्शकता अर्ध्यावर आणली, म्हणजे तो मागे भुतासारखा दिसत राहतो. त्याच्यावर नवीन कोरा लेयर. एकेक ठिपक्याची ग्रिड लावली. हत्यार पेन्सिलचं घेतलं, ब्रशचं नाही. ब्रश कडेला अर्धवट रंगाचे ठिपके सोडतो आणि एवढ्या छोट्या चित्रात त्या अर्धवट ठिपक्यांनीच घाण होते. रॅम म्हणजे एक भरीव काळा चौकोन. डाय म्हणजे खाली दुसरा. मधली फट खऱ्यापेक्षा चौपट मोठी, अगदी खोटी वाटेल अशी. इंचिंगला खाली टोक असलेला आखूड बाण, पूर्ण स्ट्रोकला पार डायपर्यंत जाणारा जाड बाण. झाल्यावर मागचा फोटोचा लेयर पुसून टाकला. माझ्या पडद्याला बीएमपी फाईलच चालत होती, पारदर्शक भाग नाही, म्हणून मागे पिवळा भरला. विंडोजसाठी आयसीओ करायची असेल तर एकाच फाईलमध्ये १६, ३२, ४८ असे वेगवेगळे लेयर गिंप ठेवू देतं. तिथेही मोठा करून खाली आणू नका, १६ चा वेगळा काढा. १६ मध्ये बाण आणि रॅम दोन्ही मावत नसतील तर रॅम सोडा.

यात दोन रात्री गेल्या. पाऊण तासाच्या जागी दोन रात्री. आणि तरीही पहिली आवृत्ती चुकलीच, पण या वेळी प्रेसवर चढवायच्या आधी कागदावर छापून अकराच्या अकरा जणांना दाखवली. “हे काय आहे, काय करायला सांगतंय?” एवढंच विचारलं, स्वतः काही बोललो नाही. बोलायची फार सुरसुरी येते, दाबावी लागते.

माझ्या डायला मी सवयीनं पंचेचाळीस अंशांचं हॅचिंग मारलं होतं. पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगच्या सरांना आवडलं असतं. तिघांनी सांगितलं, पाऊस पडतोय. ‘थांबा’साठी मी पुढे केलेला पंजा काढला होता. आमच्या शिफ्टचे मामा, वय पन्नाशीच्या पुढे, चष्मा कपाळावर सरकवून बघत म्हणाले, “पोरा, मशिनीवर कशापायी पक्षाचा प्रचार करतो?” सगळे हसले. मी तो काढून टाकला आणि लाल गोल ठेवला.

मामांचं बोलणं डोक्यात राहिलं. आपल्या देशात बारीक चित्र बघून बटण दाबायचं सर्वांत मोठं काम कोणतं? मतदान. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याचं चिन्ह. १९५१ च्या जनगणनेत साक्षर लोक होते १८ टक्क्यांच्या आसपास, मग दुसरं करणार काय? पुढे निवडणूक आयोगात एम. एस. सेठी नावाचे ड्राफ्ट्समन होते, ते १९९२ मध्ये निवृत्त झाले. आपण आजही पाहतो त्यातली कितीतरी चिन्हं त्यांनी पेन्सिलीनं काढलेली आहेत. कपबशी, शिट्टी, शिलाई मशीन. नीट बघा, एकातही पार्श्वभूमी नाही. कपबशी कुठल्या टेबलावर ठेवलीय ते दिसत नाही. ड्राफ्ट्समनचा हात तो, चोथा गाळलेला.

आणि तरीही घोळ होतो. २०२४ च्या लोकसभेला साताऱ्यात एका पक्षाचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’, आणि एका अपक्षाला यादीतलं ‘ट्रंपेट’ मिळालं, ज्याचं मराठी नाव यादीत नुसतं ‘तुतारी’. निकालात पहिल्या दोघांतला फरक ३२,७७१ मतांचा होता आणि त्या अपक्षाला मतं पडली ३७,०६२. मतदान गुप्त असतं, त्यातली किती मतं चुकून पडली हे मोजता येत नाही, आणि मला इथे कुठल्या पक्षाची बाजू घ्यायची नाही. पण विधानसभेच्या आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आपलं चिन्ह यंत्रावर जास्त ठळक दिसावं ही त्या पक्षाची मागणी आयोगानं मान्य केली, यावरून चित्राच्या आकाराला किती वजन आहे ते समजावं. फोटोंचंही तेच. सारख्या नावांचे उमेदवार ओळखू यावेत म्हणून २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो आला. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगानं ठरवलं की फोटो रंगीत असेल आणि फोटोच्या जागेत तीन चतुर्थांश भाग चेहऱ्यानं व्यापलेला असेल, सुरुवात बिहारपासून. म्हणजे काय, तर पार्श्वभूमी कापा, खांदे कापा, ज्यावरून माणूस ओळखतात ते मोठं करा. दहा वर्षांनी केलेला क्रॉप!

गाड्यांचंही बघा. आपल्याच पट्ट्यात तयार होणाऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर टायरमधली हवा कमी झाल्याचा एक पिवळा दिवा असतो. कढईत उद्गारचिन्ह उभं केल्यासारखा. माझ्या काकांनी तीन दिवस ते इंजिन गरम झाल्याचं चिन्ह समजून रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. ती कढई म्हणजे टायरचा आडवा छेद आहे. म्हणजे ज्यानं ड्रॉइंगला सेक्शनल व्ह्यू काढलेत त्यालाच कळणार. पंक्चरवाला टायरला आयुष्यभर हात लावतो, पण त्यानं टायर असा उभा कापलेला कधी पाहिलेला नसतो. आपण इंजिनिअर लोक आपल्याच डोक्यातला नकाशा दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे धरतो आणि त्याला दिसलं नाही की अडाणी म्हणतो.

याच्यावर मानकं आहेत, हेही मला नंतर कळलं. अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५.३ या मानकात सुरक्षेच्या चिन्हाची परीक्षा घ्यायची रीत दिलीय. शंभरातल्या निदान ८५ जणांनी बरोबर अर्थ सांगावा, आणि पाचपेक्षा जास्त जणांनी घातक उलटा अर्थ काढू नये. हा दुसरा आकडा मला फार पटला. चित्र कळलं नाही तर माणूस विचारेल. उलटं कळलं तर तो बिनधास्त बटण दाबेल. माझी पहिली दोन चित्रं या परीक्षेला बसली असती तर के. टी. नक्की होती.

आता माझी तक्रार आणि मागणी. तुम्ही म्हणाल, आजकाल हे कोण हातानं करतं, फोनवर बोट दाबून धरलं की मागची भिंत जाते, एआयला सांगितलं की शंभर आयकॉन मिनिटात. खरं आहे, मीही वापरतो. पण मागची भिंत काढणं आणि मधली फट मोठी करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. त्या प्रेसमध्ये फट महत्त्वाची आहे हे मलाच चार दिवस माहीत नव्हतं, तर यंत्राला कोण सांगणार होतं? ते माहीत होतं त्या ऑपरेटरला, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. पडदे कितीही बारीक ठिपक्यांचे झाले तरी माणसाचा डोळा आणि हाताचं अंतर तेवढंच राहणार आहे.

आपल्याकडे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये दर दुसऱ्या मॉडेलला पडदा असतो. त्यावर गुगलवरून उचललेले नाहीतर फोटो दाबून केलेले आयकॉन असतात. व्हायवाला सर कोडमधली लूप विचारतात, सर्किट विचारतात. आजवर एकाही सरांनी “हे चित्र कुणाला दाखवून पाहिलंस?” असं विचारलेलं मी ऐकलं नाही. सरांनी राग मानू नये, पण विचारावं. वर्कशॉपमधले मदतनीस काका आहेत, मेसचे काका आहेत, हॉस्टेलचे वॉचमन आहेत, अशा पाच जणांना कागद दाखवून त्यांचं म्हणणं रिपोर्टच्या एका पानावर लिहायला लावावं. त्याला लॅब लागत नाही, बजेट लागत नाही. आणि पहिल्या वर्षाच्या ड्रॉइंगमध्ये एक शीट अशी असावी: समोर ठेवलेली वस्तू ३२ बाय ३२ घरांत फक्त काळ्या-पांढऱ्यात काढा. टी-स्क्वेअर नको, मिनी ड्राफ्टर नको. निम्मा वर्ग ती शीट कॉपी मारून देईल हे मला माहीत आहे. उरलेल्या निम्म्यासाठी तरी असावी.

त्या डायचं काय झालं ते राहिलंच. तुकडा वेल्डिंगनं भरून घासून घेतला, पाळी वाया गेली. ऑपरेटरचा अर्धा दिवस कापला. मी सुपरवायझरना जाऊन सांगितलं की चूक माझ्या चित्राची होती. ते म्हणाले, “तू शिकायला आलायस, तुला कुठं धरायचं?” मी पुन्हा गेलो, मालकांपर्यंत गेलो, तेव्हा महिनाअखेरीला बघू असं उत्तर मिळालं. महिनाअखेरीला माझं ट्रेनिंग संपलं होतं. त्याला फोन करून विचारलं तर तो विषय बदलतो.

नवीन चित्रं चढवली त्या संध्याकाळी तोच माझ्याकडे आला होता. मला वाटलं, काहीतरी बोलणार. त्यानं मोबाईल काढला, गावाकडच्या मुलीचा फोटो दाखवला, आणि विचारलं की हा फोनवर नावाशेजारी छोटा गोल करून लावता येईल का. जत्रेतला फोटो होता, मागे पाळणा, माणसं, झेंडे. मी शिकलो होतो ना, म्हणून झटकन चेहऱ्याभोवती चौकोन ओढला. तो म्हणाला, “नहीं साहब, रिबन रखना।” तिच्या एका वेणीला मोठ्ठी लाल रिबन होती, माझ्या चौकोनात ती कापली जात होती. मी म्हटलं, चेहरा लहान होईल. तो म्हणाला, होऊ दे. मग चौकोन वर सरकवला, हनुवटी थोडी कापली, रिबन आत घेतली. छोट्या गोलात नाक-डोळे काही दिसेनात, वरच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका तेवढा दिसत होता. त्यानं फोन हातभर लांब धरून पाहिला आणि खिशात टाकला.